पटावर नसलेलं पोर

१

त्या दिवशी शाळेतली एकोणीसच्या एकोणीस पोरं बाहेर आली होती. मग आक्का कुणाला आणायला परत आत गेली?

हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कागदावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' एवढं लिहिलं आणि सही केली. तालुक्याच्या साहेबांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. आमच्या बापाला, आप्पाला विचारलं, तर आप्पा भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. आता मी कुणाला विचारत नाही.

माझी आक्का म्हणजे अंजना. निपाणीत आमची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, आणि मी, आक्काचा धाकटा भाऊ देवा, चौथीत शाळा सोडून त्याच वखारीत बोदं, म्हणजे तंबाखूची मोठी पोती, उचलायला लागलो. आक्का मात्र मॅट्रिक झाली, बेळगावात राहून ट्रेनिंग केलं आणि मास्तरीण झाली. आमच्या गल्लीत एवढं शिकलेली ती पहिलीच. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा आप्पानं ते घरोघरी नेलं. लोक म्हणायचे, "वाचून दाखव की भीमाप्पा." आप्पा म्हणायचा, "वाचायला येत न्हाय, पर तू हातात धरून बघ. वजन बघ."

मीही धरून बघितलं. कागदाला वजन नसतं हे मला माहीत आहे. पण त्याला होतं.

२

नेमणूक सडेगाळीला झाली. गुंजी स्टेशनात उतरायचं आणि जंगलातून सात-आठ किलोमीटर चालायचं. वाडीत वीस-बावीस घरं. वाडीच्या वर खडकाचा सपाट सडा, आणि सड्याच्या कडेला शाळेची एकच खोली. कधीकाळी ती जंगलखात्याच्या गार्डसाठी बांधलेली होती. भिंती दगडी, वर कौलं, पूर्वेला एक दार, पश्चिमेला दोन खिडक्या. खिडक्यांच्या पलीकडं तीस पावलांवर खडक उभा चिरलेला होता. वाडीतले त्या चिरेला घळ म्हणायचे. तोंडाला बैलगाडीएवढी रुंद, आणि खाली किती खोल ते कुणालाच माहीत नव्हतं. मी पहिल्याच दिवशी तिच्यात धोंडा टाकला. तो पडल्याचा आवाज आला नाही.

एकटी बाई जंगलात कशी राहणार, म्हणून आप्पानं मला सोबत धाडलं होतं. वाडीचा म्होरक्या रवळू. त्याच्या पडवीशेजारची खोली आम्हाला मिळाली. पाणी त्याची बायको कोंडाबाई वरून ओतायची. आम्हाला विहिरीला हात लावू देत नव्हती. पंधराव्या दिवशी कोंडाबाईची नात पाटीवर आपलं नाव लिहून घरी घेऊन गेली. त्यानंतर कोंडाबाईनं बादली दोरासकट आमच्या दारात आणून ठेवली.

"तुमचं तुमी वडून घ्या बाई," ती म्हणाली. "माझी कंबर दुकालीया."

"कंबर कवापासनं दुखतीया?" आक्कानं विचारलं.

"आजपासनं," कोंडाबाई म्हणाली आणि दोघी हसल्या.

आक्काच्या आधी दोन मास्तर येऊन गेले होते. एक महिनाभर टिकला, एक बारा दिवस. दोघांचं डोकं दुखायचं, छाती भरायची. ऑफिसातून आक्काला स्पष्ट सांगितलं होतं की तिसऱ्यांदा शाळा मोडली तर सडेगाळीला परत शाळा मिळणार नाही. पोरांनी मग गुरंच राखायची.

आक्कानं पहिल्याच दिवशी खोली झाडली, सारवली, बाबासाहेबांचा फोटो लावला, आणि पट उघडून एकोणीस नावं अशा अक्षरात लिहिली की छापल्यासारखी दिसावीत.

३

माघ संपेपर्यंत सगळं ठीक होतं. पोरं सकाळी गुरं सोडून अकराला यायची. पाढे, धडा, मग भाकरी खायची सुट्टी, मग पाटीवर लिहिणं. मी मागं बसून कधी खुर्चीचा पाय ठोकायचो, कधी बसल्याबसल्या पेंगायचो.

उन्हाळा चढायला लागला तसा दुपारी कोकणाकडून वारा वर यायला लागला. एके दिवशी अडीचच्या सुमारास पोरं शुद्धलेखन लिहीत होती. आक्का पाट्या तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आत ये."

मी दाराकडं बघितलं. दारात कोणी नव्हतं. बाहेर ऊन होतं.

मास्तरणीला सवय असते, दारात सावली पडल्यासारखी वाटली की म्हणायची. मी तेवढंच समजलो. पण दाराजवळ बसणारा मष्णू लिहिता लिहिता ढुंगणावरच जरा सरकला. त्याच्या शेजारचा सरकला. त्याच्या पलीकडची पोरगी सरकली. कुणी वर बघितलं नाही. बसकरावर एका पोरापुरती जागा झाली, आणि ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी लक्ष देऊनच बसलो. वारा चढला होता, पण खोलीत त्याचा आवाज येत नव्हता. उलट बाहेरचे पक्षी गप्प झाले होते. कानात दडे बसल्यासारखं झालं, पोटात उगाच भीती दाटली, परीक्षेची किंवा मार खायची असते तशी. आणि मग मला दिसलं की सगळ्या पोरांच्या पाठी एकदमच वर येत होत्या आणि एकदमच खाली जात होत्या. एकोणीस पाठी. आक्काचे खांदेसुद्धा. मी श्वास रोखून धरला. सोडला तेव्हा तो त्यांच्याच तालात पडला.

"आत ये," आक्का म्हणाली.

माझ्या डाव्या डोळ्याच्या अगदी कडेला, दाराच्या चौकटीत, राखाडी काहीतरी होतं. वळलो तर नव्हतं.

४

मी निपाणीहून येताना पोत्यात एक हलगी लपवून आणली होती. आप्पा तरुणपणी लोकांच्या दारात हलगी वाजवायचा. बौद्ध धम्म घेतल्यावर त्यानं ती सोडली, आणि कातडं घरात येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. पण माझी बोटं आप्पाचीच. परशराम नावाचा माझा दोस्त होता, त्याच्याकडून मी ती घेतली होती. आक्कानं पोतं उघडलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"हे हितं शाळेत आणलास?"

"वाजवत न्हाय. नुसती टांगून ठेवतो."

"मग टांगायची तरी कशाला? आप्पानं काय सोसून सोडली ती, ठावं हाय न्हवं तुला?"

"हातात धरल्याबिगर झोप येत न्हाय मला. बाळाला चोखणं लागतं तसं."

ती चिडली, पण हसली. हलगी दारामागं खुंटीला लटकली.

कातड्याला बोट लावलं की त्याचा स्वभाव कळतो. थंडीत ढिलं पडतं, उन्हात ताणतं. दारात ते राखाडी दिसलं त्या आठवड्यात एका दुपारी मी ती सहज मांडीवर घेतली, आणि बोटांखाली मुंग्या चालल्यासारखं झालं. वाजत नव्हती. पण जिवंत होती. मी पोरांच्या फडक्यातले नाचणीचे चार दाणे कातड्यावर टाकले. दाणे हलायला लागले. उड्या नाही, चालत गेल्यासारखे. हळूहळू ते सगळे कडेला गेले आणि गोल रिंगण धरून थरथरत राहिले.

"आक्का," मी हाक मारली.

ती आली. गुडघ्यावर बसली. "हात लावू नकोस."

"लावला न्हाय. आईशप्पथ."

आक्कानं घड्याळ बघितलं आणि वहीत वेळ लिहिली. पंधरा मिनिटांनी मष्णूचं डोकं दुखायला लागलं. वीस मिनिटांनी एकोणीस पाठी एकत्र हलायला लागल्या. आक्कानं टाळी वाजवली आणि सगळ्यांना खाली जांभळाच्या झाडाखाली नेऊन बसवलं. तिथं गेल्यावर दहा मिनिटांत पोरं आपापल्या चालीनं श्वास घ्यायला लागली, भांडायला लागली.

तेव्हापासून रोज हेच. हलगी खिडकीखाली आडवी, वर मूठभर नाचणी. दाणे चालायला लागले की शाळा झाडाखाली.

"आप्पाला सांगू नको," आक्का म्हणायची. "हलगी सरकारी नोकरीला लागलीया म्हणावं कवातरी."

५

आक्काला भुताखेताचं वारं नव्हतं. रवळूनं एकदा जागेला नारळ द्यायची गोष्ट काढली, तर ती म्हणाली, "मामा, नारळ पोरांना फोडून खायला द्या. सगळ्यांना पुरंल." रवळू रागावला नाही, पण त्याच्या मनात ते राहिलं.

मला तिनं शाईच्या दौतीवर शिकवलं. रिकामी दौत ओठांशी धरून तिनं तोंडावरून फुंकर घातली. बारीक शिट्टी वाजली. मग पाण्याची घागर पुढं ओढली आणि तिच्या तोंडावरून फुंकली. घागर घुमली.

"दौत बारीक, तर आवाज बारीक. घागर मोठी, तर आवाज जाड. आता सांग, घळ केवढी हाय?"

"लई."

"आणि तिच्या तोंडावरनं वारा जातोय. मग तिचा आवाज किती जाड असंल? इतका की कानात मावत न्हाय. कानात न्हाय मावला तर कुटं जाईल?" तिनं माझ्या छातीवर बोट टेकलं. "हितं जातोय. आणि ही खोली दगडाची, बंद. ती बी घुमतीया त्याच्यासंगं. दोन मास्तर उगं न्हाय पळाले."

मी चौथी नापास माणूस, पण मला ते समजलं. अजून समजतं. त्या दोघा मास्तरांना नाही कळलं, ऑफिसात कुणाला नाही कळलं, ते माझ्या आक्काला एका दौतीतून कळलं. वही भरली की ती साहेबांपुढं ठेवायची, खोली बदलून घ्यायची, शाळा खाली वाडीत न्यायची, असं तिनं ठरवलं होतं.

"मग दारात कोण असतंय?" मी विचारलं.

ती दौतीचं बूच लावत होती. "कोण न्हाय. अंग थरथरतंय तशी डोळ्यातली बुबुळं बी थरथरत असतील. म्हणून कडंला दिसल्यासारखं वाटतंय. सरळ बघितलं की जातंय, म्हणजे नसतंयच."

"नसतंय, तर तू त्याला आत ये का म्हणतीस?"

बूच लावून झालं तरी ती ते फिरवतच राहिली.

"आप्पा दोन यत्ता शिकला, कुटं बसून शिकला ठावं हाय तुला?" ती म्हणाली. "शाळंच्या दाराभायेर. चपला असतात तितं. आत या असं त्याला कुणी म्हटलं न्हाय. माझ्या शाळंच्या दारात कुणी हुबं हाय असं मला नुसतं वाटलं तरी बी तोंडातनं निघतंय रं. खरं असंल न्हायतर खोटं."

६

वही तीन-चतुर्थांश भरली तेव्हा पत्र आलं. गुरुवारी श्रीपाद हेरेकर नावाचे साहेब तपासणीला येणार होते. त्यांच्या शेऱ्यावर शाळा राहायची की मोडायची ते ठरणार होतं.

आक्कानं दोन दिवस पोरांकडून कविता घोकून घेतल्या. खोली परत सारवली. बुधवारी संध्याकाळी ती दारात उभी राहून सगळीकडं बघत होती, आणि तिची नजर खिडकीखाली थांबली.

"देवा, ती हलगी काढ."

"आणि दाणे?"

"एका दिवसानं काय हुतंय. साहेब सकाळी येतील, बाराला जातील. वारा दुपारी चढतोय."

"आणि दुपारीच आले तर?"

ती माझ्याकडं बघत नव्हती. "बेळगावचा माणूस हाय. आत येईल, फोटो बघंल, खाली हलगी बघंल. काय म्हणंल? नोकरी दिली तरी ह्यांची हलगी सुटत न्हाय."

ती हे बोलली आणि माझे कान तापले. तसाच कुणीतरी हसताना मला डोळ्यांसमोर दिसला. मी म्हणायला पाहिजे होतं की हसू दे. हेच यंत्र आहे, हेच साहेबाला दाखव. मी एरवी कुणाशीही भांडतो. त्या वेळी मीच उडी मारून हलगी उचलली, दाणे झाडले, आणि खाली रवळूच्या माळ्यावर नेऊन टाकली. दुसऱ्या कुणी ती काढली असती तर मी त्याला आज जिवंत सोडला नसता.

७

गुरुवारी आक्का निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसली. पोरं तेल लावून, भांग पाडून आली. कोंडाबाईनं नातीच्या वेणीत अबोली माळली होती.

अकरा वाजले. बारा वाजले. साहेब आले नाहीत. आक्कानं पोरांना भाकरी खायला खाली सोडलं नाही. ती म्हणाली, "हितंच खावा. आता येतील." ते नेमके आले आणि पोरं झाडाखाली दिसली, तर शेऱ्यात लिहितील की शाळा भरतच नाही. मला तिनं सड्याच्या टोकाला वाट बघायला उभं केलं.

दोन वाजून गेले असतील. सड्यावरचं वाळलेलं गवत एकदम सगळं एका बाजूला झुकलं. मी वाटेकडं बघत होतो. बघता बघता मला जाणवलं की मी श्वास घेतोय, पण तो माझा नाही.

मी पळालो.

दारात पोचलो तर आक्का पोरांना बाहेर काढतच होती. तिनं माझ्या आधी ओळखलं होतं, दाण्यांशिवाय. मष्णू ओकत होता. दोघांच्या नाकातून रक्त आलं होतं. कोंडाबाईची नात उभीच राहत नव्हती, तिला आक्कानं कडेवर घेतलं होतं. कुणी रडत नव्हतं, हे मला आठवतं. सगळी तोंडं उघडी होती, छात्या एकदम हलत होत्या, आणि आवाज नव्हता.

झाडाखाली आणून आक्कानं त्यांना मोजलं. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून. मीही मोजलं. एकोणीस.

आक्कानं शाळेच्या दाराकडं बघितलं.

"एक ऱ्हायला की."

"एकोणीस हायत. मी बी मोजलो."

"मघाशी मी आत घेतला त्यो?"

"आक्का, कोण न्हाय तितं. तूच म्हणतीस न्हवं? वारा हाय. बुबुळं हालतात."

"व्हय. वाराच हाय." ती अगदी शहाण्यासारखी बोलत होती. कपाळावर घाम होता आणि ओठ निळे पडले होते. "पर मी त्याला आत ये म्हटलंय, देवा. माझ्या तोंडानं बोलावलंय. असंल तर?"

मी तिचा दंड धरला. तिनं माझ्या हातावर चापट मारली, लहानपणी मारायची तशी, आणि कोंडाबाईची नात माझ्या हातात दिली.

"पोरं सांभाळ. आलेच."

आयुष्यभर मी कुणाचं ऐकलं नाही. त्या दिवशी ऐकलं.

ती चढून गेली. पदर खोचलेला, मान ताठ. दारात तिनं चपला काढल्या. शाळेत जाताना ती नेहमी काढायची. मग आत गेली.

मी मोजत होतो. शंभरापर्यंत मला नीट येतं. शंभर झाले, परत शंभर झाले. पोरीला मष्णूच्या मांडीवर टाकून मी पळालो.

आक्का खुर्चीत नव्हती. ती पोरांच्या बसकरावर बसली होती, भिंतीला टेकून, दाराजवळच्या ओळीत. डोळे उघडे. चेहरा भ्यालेला नव्हता. एक हात शेजारी जमिनीवर होता, तळवा उताणा, कुणी त्यात बोट धरावं तसा. ती जरा एका अंगाला सरकून बसली होती. शेजारी एका पोरापुरती जागा होती.

छातीला कान लावला. माझ्या स्वतःच्याच छातीत इतकं हलत होतं की मला तिचं कळेना. मी तिला उचलून बाहेर आणलं तेव्हा कळलं.

८

साहेब अकराव्या दिवशी आले, चौकशीला. निपाणीतलं सगळं उरकून मीही परत आलो होतो.

तोपर्यंत वाडीत बोलणं पसरलं होतं. जागेचं मागणं होतं, बाईंनी नारळ दिला नाही, म्हणून बाईच गेल्या. रवळू वाईट मनानं बोलत नव्हता. तो आणि वाडीतले सहा जण आक्काला खांद्यावरून गुंजीपर्यंत घेऊन आले होते, आणि कोंडाबाई स्टेशनात माझ्या आधी रडली होती. पण ते बोलणं कागदावर गेलं तर आक्का नारळ न दिल्यामुळं मेली असं होणार होतं, आणि शाळा मोडणार होती.

साहेब शाळेच्या खोलीतच टेबलाशी बसले, कारण टेबल दुसरीकडं नव्हतं. चांगले होते बोलायला. त्या गुरुवारी त्यांना ताप होता म्हणाले. मी वही पुढं केली. त्यांनी चार पानं चाळली, नाचणीचे दाणे, वारा, वेळा, आणि वही मिटून बाजूला ठेवली.

"शिकलेली होती रे तुझी बहीण," ते म्हणाले. "एकटं राहून मनावर परिणाम होतो माणसाच्या."

तेव्हा मी त्यांना तो प्रश्न विचारला. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला लागले. मला जलद वाचता येत नाही, पण एकेक अक्षर लावता येतं. 'शिक्षिकेची मनःस्थिती' इथपर्यंत मी लावलं.

"वाजले किती साहेब?"

"दोन. का?"

"अडीचपर्यंत बसा."

"मला सहाची गाडी..."

मी त्यांच्या मागं जाऊन दोन्ही खांदे धरले. मी वखारीत बोदं उचललेला माणूस आहे. "बसा म्हटलं न्हवं," मी म्हणालो. "माझी आक्का चार म्हैनं बसली. तुमी अर्धा तास बसा. ल्ह्या तुमचं."

ते ओरडले, मग समजुतीनं बोलले, मग गप्प झाले. पेन हातातच होतं. बाहेर पक्षी थांबले. कानात दडे बसले. माझ्या तळहातांखाली साहेबांचे खांदे वर यायला लागले, खाली जायला लागले, आणि माझी छाती त्यांच्याबरोबर. पेनाचं टोक कागदावर टिंबं काढत होतं. ते भ्यालेत हे मला कळत होतं, कारण मी भ्यालो होतो, आणि आमच्या दोघांत तेव्हा एकच श्वास होता.

डाव्या डोळ्याच्या कडेला दार भरलं.

पहिल्यांदा राखाडी. मग पांढरं. खाली, जमिनीलगत, निळी रेघ. आणि तिच्या कमरेएवढ्या उंचीवर, तिला चिकटून, आणखी काहीतरी बारकं. दोघं उंबऱ्याच्या बाहेर होती. आत येत नव्हती. चपला असतात तिथं उभी होती.

मी मान वळवली नाही. वळवली असती आणि कुणी नसतं, तर आक्का माझ्या डोळ्यांदेखत परत एकदा गेली असती. आणि ती असती, तर तिनं दौतीतून शोधून काढलेलं सगळं खोटं ठरलं असतं. रवळू खरा आणि माझी आक्का खोटी. मी मनात म्हणत राहिलो, वारा आहे, बुबुळं हलतायत, वारा आहे. तिच्याच शब्दांत म्हणत राहिलो. डोळ्यातून पाणी वाहत होतं.

साहेबांनी मान वर केली नाही. कागदावर टिंबं काढता काढता ते अगदी साध्या आवाजात, कुठल्याही मास्तरासारखे म्हणाले, "आत..."

मी त्यांचं तोंड हातानं दाबलं.

तसाच त्यांना काखेत धरून मी बाहेर ओढलं. दारातून जाताना डोळे मिटले होते. माझ्या उजव्या दंडाला गार लागलं. वारा होता.

झाडाखाली साहेब बराच वेळ ओकले. मग बसले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "पाणी दे." प्यायले. मग म्हणाले, "ती वही आण." मी आणली. त्यांनी पहिला कागद फाडला, मांडीवर दुसरा घेतला आणि लिहिलं. मला वाचूनही दाखवलं. इमारत वापरण्यास अयोग्य, शाळा ताबडतोब वाडीत हलवावी, इमारतीचं सामान नवीन जागी वापरावं, शिक्षिका अंजना भीमाप्पा यांनी एकोणीस मुलांचे प्राण वाचवले. वही त्यांनी कागदाला जोडली. मी अंगावर हात टाकला त्याबद्दल त्यांनी कुठं तक्रार केली नाही. जाताना म्हणाले, "मी आत काय बोललो?"

"काय न्हाय साहेब," मी म्हणालो.

९

कौलं मीच उतरवली. वाडीतले ओळ करून उभे राहिले आणि हातोहात कौलं खाली गेली, मग वासे, मग खिडक्या. रवळूनं आपल्या परड्यातली जागा दिली. एकोणीस पोरांनी एकेक कौल डोक्यावरून नेलं. मष्णू खाली जाता जाता म्हणत होता, "बाईंची शाळा, बाईंची शाळा," आणि कोंडाबाईची नात त्याला म्हणत होती, "गप रं, फुटंल."

चौथ्या दिवशी दुपारी वारा चढला. मी भिंतीवर बसून होतो. छप्पर नसलेल्या खोलीत काहीच भरलं नाही. पाठी हलल्या नाहीत, पक्षी बोलत राहिले. पोरं चार भिंतींच्या आत पकडापकडी खेळत होती. आक्का म्हणाली होती तेच खरं होतं. मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, आणि ते ऐकायला ती नव्हती.

फक्त दाराची चौकट तेवढी राहिली होती. रवळू म्हणाला, "ऱ्हाऊ दे ती. वाळवी लागलीया, कामाची न्हाय."

पोरं खेळत पळत होती. मी वरून बघत होतो. खिडक्यांच्या मोकळ्या जागांतून ती आत-बाहेर करत होती, पण चौकटीतून एकही जात नव्हतं. कोंडाबाईची नात पळता पळता चौकटीपाशी आली, थांबली, आणि कुणाला तरी वाट द्यावी तशी बाजूला सरकली. मग परत पळाली.

मी खाली उतरलो. पहार घेतली. चौकटीच्या बुडाशी दगड सैल केले, उंबरा उपसला, खांदा लावला आणि चौकट सड्यावर आडवी पाडली. मग ती उचलून नेऊन घळीत टाकली. आवाज आला नाही. परत येऊन दाराच्या जागेवरचे दगड एकेक करून बाजूला केले, ती जागा पायानं सारखी केली, इतकी की आत कुठं संपतं आणि बाहेर कुठं सुरू होतं ते कुणाला सांगता येऊ नये.